हातचे पाच

रत्नप्रभाकाकूंच्या हेडफोनला हिरव्या दोऱ्याची गाठ असायची. सकाळी आल्या की आधी गाठ तपासायच्या, मग खुर्ची पुसायच्या, मग बसायच्या. आपल्या माघारी कोणीतरी आपला हेडफोन वापरतं, असा त्यांना दाट संशय होता. कोण वापरणार होतं? तिथे हेडफोन होते चाळीस आणि माणसं अठ्ठावीस. पण हे सांगून उपयोग नव्हता. ‘मग जास्तीचे बारा कशाला ठेवलेत, तेच तर विचारतेय मी,’ म्हणायच्या.

ही गोष्ट २००६ सालची. चंडीगडच्या सेक्टर ३४मध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. कॅलिफोर्नियातल्या तिसरी-चौथीच्या मुलांना तिथून इंटरनेटवर गुणाकार-भागाकार शिकवायचे. तिकडे दुपारी शाळा सुटली की इकडे दिवस उजाडायचा असायचा. पाचला गाडी घ्यायला यायची आणि सहाला पहिला तास सुरू व्हायचा. मुलं दिसायची नाहीत. कानात त्यांचा आवाज आणि पडद्यावर एक पांढरी पाटी; इकडे लिहिलं की तिकडे उमटायचं, तिकडचं इकडे.

मी शिकवत नव्हते, मी ऐकायचे. अकोल्याहून विद्यापीठात एम.एस्सी. करायला आले होते, ते झाल्यावर घरी परत जायचं नव्हतं म्हणून ही नोकरी धरली. माझ्या खात्याला ‘क्वालिटी’ म्हणायचे. शिकवणाऱ्यांच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि वीस रकान्यांचा एक फॉर्म भरायचा. मुलाला नावाने हाक मारली का, शाबासकी दिली का, असं सगळं. सतरावा रकाना वेगळा होता: शिकवणाऱ्याने आपलं खरं नाव किंवा ठिकाण सांगितलं का? तिथे ‘हो’वर खूण झाली की नोकरी गेली. आपण कुठून बोलतो हे तिकडच्या आईबापांना कळू द्यायचं नाही, असा कंपनीचा कडक नियम होता. म्हणून मिरजेच्या रत्नप्रभा सबनीस तिथे रेचल होत्या.

काकू तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. नवरा, विश्वनाथकाका, इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या बदल्यांमागे फिरताना काकूंनी पाच गावांत शिकवलं, पण नेहमी कोणाच्या तरी बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर. वर्ग जरा हाताशी आला की ती बाई परत हजर व्हायची आणि काकू घरी. स्वतःची म्हणावी अशी पहिली जागा त्यांना मिळाली ती इथे. नेमणुकीचं पत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये मढवून देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले तेव्हा मला ते दाखवलंही, आणि लगेच आत नेऊन ठेवलं. बायकांची नजर चांगली नसते म्हणे.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. गाडीचा ड्रायव्हर मुद्दाम लांबून नेतो. पाण्याच्या जारमध्ये नळाचं पाणी भरतात. आमचा टीम लीडर गुरप्रीत, पिंजौरचा एक गरीब स्वभावाचा सरदार, हसतो जास्त म्हणजे काहीतरी लपवतो. घरच्या गोष्टी कोणाला सांगायच्या नाहीत, मनातलं तर नाहीच. ‘माणसानं नेहमी हातचं राखून वागावं,’ असं मला दर दोन दिवसांनी ऐकवायच्या. मला हसू यायचं आणि रागही यायचा. मी क्वालिटीतली, म्हणजे खरं तर त्यांनी माझ्यापासून चार हात लांब राहायला हवं होतं. पण मी मराठी बोलते एवढ्यावर त्या माझ्यासाठी डब्यात थालीपीठ आणायच्या.

एकदा खाता खाता म्हणाल्या, ‘वीणा, तू आमचं ऐकतेस. तुझं कोण ऐकतं?’

‘माझं कशाला कोण ऐकेल, काकू?’

‘ऐकत असणार. तू ऐकलेलं परत कोणीतरी ऐकून बघत असणार, ही पोरगी खरं भरते की खोटं. एवढे पैसे घालणारे लोक असे मोकळे सोडतात होय?’

मी उडवून लावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून फॉर्म भरताना माझ्या मानेमागे कोणीतरी उभं आहे असं मला वाटायला लागलं. माझे प्रोबेशनचे तीन महिने अजून संपायचे होते.

काकूंकडे शिकणाऱ्या मुलांमध्ये डिलन नावाचा एक नऊ वर्षांचा मुलगा होता. आवाज बारीक, उत्तर द्यायच्या आधी ‘उं’ करायची सवय. सुरुवातीला काकूंना त्याचाही संशय. ‘आठवड्याभरात सातचा पाढा येतो? बाजूला कॅल्क्युलेटर असणार.’ मग त्या त्याला मध्येच उलटे पाढे विचारायच्या. तो बरोबर सांगायचा. तीन आठवड्यांनी काकूंनी मान्य केलं की पोरगं हुशार आहे. नंतर तर त्याच्या तासाला त्यांचा आवाजच बदलायचा.

गुणाकार त्या मिरजेच्या पद्धतीने शिकवायच्या. अठ्ठेचाळीस गुणिले सात. सात आठे छप्पन्न, सहा लिहिला, हातचे पाच. मग सात चोक अठ्ठावीस आणि हातचे पाच तेहतीस. लहानपणी आपण सगळ्यांनी हातचे खरंच हातावर धरले, बोटं मिटून. इंग्रजीत त्याला ‘कॅरी’ म्हणतात हे काकूंना ठाऊक होतं, प्रशिक्षणातही घोकून घेतलं होतं. पण गणित रंगात आलं की माणूस आपल्याच भाषेत मोजतो. त्या म्हणायच्या, ‘फाइव्ह इन हँड.’ आणि पुढे, ‘हातात नीट ठेव. उत्तरात लिहू नकोस. तो कोणाला दिसत नाही, पण आपल्याकडे असतो.’ हे सगळं साध्यासुध्या इंग्रजीत. मी ते रेकॉर्डिंग तेव्हाही ऐकलं होतं. मला त्यात काही खटकलं नाही, कारण मीही तशीच शिकले होते.

डिलनने ते शब्दशः घेतलं. डिसेंबरात त्याच्या शाळेत गुणाकार-भागाकाराची परीक्षा झाली. बाराव्या गणिताला त्याच्या बाईंनी पाहिलं तर पोराच्या डाव्या तळहातावर पेनाने पाच, तीन, दोन असे आकडे. कॉपी. पेपर काढून घेतला, शून्य मार्क आणि शुक्रवारी आईला मुख्याध्यापिकेसमोर बोलावणं. आईने घरी विचारलं तेव्हा तो रडत म्हणाला, मिस रेचल म्हणाल्या हातात ठेव, कोणाला दिसत नाही.

आईची तक्रार आमच्याकडे मंगळवारी सकाळी आली. तुमची शिक्षिका माझ्या मुलाला कॉपी करायला शिकवते, असं सरळ लिहिलं होतं.

बुधवारी गुरप्रीतने काकूंना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बोलावलं. ‘मॅम जी, आपने बच्चे को बोला क्या था?’ काकूंनी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. त्याच्या शाळेत ‘हासिल’ म्हणायचे, त्यामुळे हातचा समजायला त्याला दोन मिनिटं लागली. समजल्यावर तो हसलाही. पण अमेरिकेतल्या साहेबांचं उत्तर रात्रीतूनच आलेलं होतं. त्यांनी आईला पाठवायचं पत्र तयार केलं होतं: आम्ही सर्व रेकॉर्डिंग तपासली, आमच्या शिक्षिकेने असं काहीही म्हटलेलं नाही. पत्र गुरुवारचा तास झाला की जाणार होतं.

‘यानं माझी नोकरी राहते?’ काकूंनी विचारलं.

‘पक्का रहेगी, मॅम जी. बस, आगे से कॅरी बोलिए.’

काकू उठल्या नाहीत. मला मराठीत म्हणाल्या, ‘म्हणजे पोरगं आधी कॉपी करणारं ठरलं, आता खोटं बोलणारंही ठरणार. आणि त्याला खोटं कोण पाडणार, तर मी.’

मी म्हटलं, ‘काकू, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तिकडचं तिकडे बघतील.’ खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटत होती. काही वेडंवाकडं केलं असतं तर रेकॉर्डिंग माझ्याकडेच येणार होतं.

गुरुवारी बाहेर इतकं धुकं होतं की समोरच्या पेट्रोल पंपाचं दिव्यांनी उजळलेलं छतही दिसत नव्हतं. काकूंनी आल्या आल्या गाठ तपासली नाही, खुर्ची पुसली नाही. तास सुरू झाला तसा मी माझ्या टेबलावरून त्यांची लाइन लावली. तिकडे डिलनच्या बाजूला त्याची आई बसली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. बाई कान टवकारून बसली होती.

काकूंनी आधी एक भागाकार घातला. तीनशे छत्तीस भागिले सात. डिलनने तो केला, हळूहळू, अठ्ठेचाळीस आले, बाकी शून्य. त्याचा आवाज अगदी पडलेला होता. मग काकू म्हणाल्या, आता मला तुझ्या आईशी बोलायचं आहे.

त्या बोलल्या ते तुटक इंग्रजीत, पण मराठीतच सांगते. म्हणाल्या, ‘माझं नाव रेचल नाही. माझं नाव रत्नप्रभा आहे. मी हिंदुस्थानात आहे, चंडीगड नावाच्या शहरात. माझी भाषा मराठी. तुम्ही ज्याला कॅरी म्हणता, त्याला माझ्या भाषेत हातचा म्हणतात, म्हणजे हातातला. आम्ही लहानपणी बोटं मिटून तो धरायचो. मी तेच इंग्रजीत सांगितलं आणि तुमच्या मुलानं माझं ऐकलं. त्यानं कॉपी केली नाही. तो खोटंही बोलला नाही. चूक माझी आहे. तुम्हाला आमच्याकडून एक पत्र येईल, त्यावर विश्वास ठेवू नका.’

मग आईने विचारलं, ‘तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?’

‘सकाळचे साडेसहा. धुकं पडलंय.’

आईने ‘हातचा’ हा शब्द परत म्हणायला सांगितला, लिहून घेतला, अक्षरं विचारून घेतली. डिलनने मागून म्हणून पाहिला. त्याला ‘ह’ आला, पण ‘चा’चा ‘जा’ झाला. काकूंनी त्याच्याकडून तो दोनदा घोटून घेतला.

जन्मभर ताकास तूर लागू न देणाऱ्या बाईने एका परक्या बाईपुढे सगळं मोकळं केलं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला. हे मी आज बनवून सांगत नाही, तेव्हाच वाटला होता. तरी माझ्यासमोर फॉर्म होता आणि त्यात सतरावा रकाना होता.

काकूंचं बोलणं गुरप्रीतच्याही कानावर गेलं होतं; तेवढ्यात तो माझ्या टेबलाशी आला. खाली वाकून म्हणाला, ‘वीणा जी, क्लीन है ना?’ तो प्रश्न नव्हता. ‘हो’ म्हण, असं तो मला सांगत होता. ‘हो’ म्हटलं असतं तर ते रेकॉर्डिंग इतर हजार रेकॉर्डिंगमध्ये पडून राहिलं असतं. पण मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. मला वाटलं, मी ऐकलेलं कोणीतरी परत ऐकणार आहे. तो गेल्यावर मी सतराव्या रकान्यात ‘हो’वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

शनिवारी आईचं पत्र आलं. शाळेने डिलनला परत परीक्षेला बसवलं, बारापैकी अकरा आली, आणि मिस रेचलना हे जरूर कळवा, असं लिहिलं होतं; खरं नाव तिने कुठेच घातलं नव्हतं. त्याच दुपारी काकूंना कामावरून काढल्याचा मेलही आला. गुरप्रीतने दोन्ही कागद त्यांच्या हातात एकदमच ठेवले. त्यांनी आधी पहिला वाचला, दोनदा.

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. कोचिंगची पोरं सायकली लावत होती. काकूंनी पर्समधून डबा काढून मला दिला. म्हणाल्या, ‘आई तर सांगणार नाही, तिनं इतकं चांगलं लिहिलंय. मग कोणी सांगितलं असेल गं?’

मी म्हणाले, ‘गुरप्रीतनं. दुसरं कोण?’

काकूंनी विचार केला. त्यांच्यासारख्या बाईला एवढं बोट दाखवलेलं पुरे होतं. पण त्या म्हणाल्या, ‘नाही, तो नसेल. मेल देताना रडवेला झाला होता पोरगा. उगाच त्याच्यावर कशाला संशय घ्यायचा?’ आणि रिक्षात बसल्या.

मी त्या कंपनीत पुढे चार वर्षं काढली, क्वालिटीची मुख्यही झाले. तेव्हा कळलं की माझे फॉर्म कधीच कोणी तपासले नव्हते. ती व्यवस्थाच नव्हती. काकू आता मिरजेत असतात, गल्लीतल्या मुलांना पाढे शिकवतात. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. यंदाही आला. गॅसवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला नावं ठेवून झाली, आणि मग म्हणाल्या, ‘तिथं मी सगळ्यांवर संशय घेतला बघ. एका तुझ्यावर तेवढा कधी घेतला नाही. माणूस ओळखता येतं मला.’

सांगून टाकावं, असं मला दरवर्षी वाटतं. यंदाही वाटलं.

‘विश्वनाथकाकांचा गुडघा कसा आहे?’ मी विचारलं.