विहिरीवरची माझी आज्ञा

सुज्ञ सभासदहो, वाचनालयाच्या या फळ्यावर आज नेहमीचे सुभाषित नाही. घाईने लिहितो आहे; अक्षर क्षम्य मानावे.

सकाळी जत तालुक्यात मेहुण्याच्या गावी होतो. तेथे दुष्काळामुळे टँकरचे पाणी कोरड्या विहिरीत ओततात आणि बाया ते शेंदतात. आज पाणी ओतताच सारे गाव काठावर लोटले. आवरणार कोण? सरपंचांसह समस्त पुढारी मंत्रिमहोदयांच्या स्वागतार्थ सांगलीस प्रस्थित झाले होते.

विहिरीला कठडा नाही. रेटारेटीत एका गर्भवती स्त्रीचा पाय अधांतरी गेला.

"आवं पावणं, तुमी तरी कायतरी सांगा की," एक म्हातारी मला म्हणाली.

अस्मादिकांनी छत्री उंचावून गर्जना केली, "सर्वांनी खाली बसा."

सगळे बसले. ती स्त्री वाचली.

"आता आदी कुणी भरायचं?" म्हातारीने विचारले.

 समोर पितळी घागर चकाकली, म्हणून बोलून गेलो, "पितळी घागरवाल्यांनी."

मातीची मडकी घेतलेल्या बाया निमूट मागे सरकल्या. ती गर्भवतीही. का, म्हणून कुणी विचारले नाही.

माझ्या शब्दाच्या या वजनाचे मलाच भय वाटले. "तिलाच आधी भरू द्या," असे कसेबसे म्हणालो. तेही सर्वांनी ऐकले.

दुपारच्या एस.टी.ने मी पलायन केले. सभासदहो, आज्ञा देणाऱ्याच्या त्या रिकाम्या जागी उद्या कुणीही उभा राहील आणि गावकरी त्याचेही ऐकतील. तो कोण असेल?