मास्तरांचं फंक्शन

ताईचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. एकोणिसाव्या वर्षी अपघातात गेला, आणि त्याबद्दल ती याहून जास्त बोलत नाही. फारच खोदून विचारणाऱ्याला "गेला तो गेला, उरलेला कसा आहे ते विचारा" म्हणून वाटेला लावते. आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत प्रोग्रामर आहे. खालच्या मजल्यावर प्लास्टरची धूळ, कटरची घरघर आणि गरम प्लास्टिकचा वास. वरच्या मजल्यावर ताई, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त.

दोहोंपैकी जुना कॉम्प्युटर मास्तरांचा. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. कार्यशाळेचं सगळं गणित तेच बघायचे, पण दिसेल त्याला काहीतरी समजावून सांगायची खोड होती, म्हणून नाव पडलं ते पडलं. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली. मागे ठेवून गेले ते एक फंक्शन. उरलेल्या पायाची मापं त्याला द्यायची, छत्तीस उंचींवर प्रत्येकी छत्तीस ठिकाणी घेतलेली, शिवाय वजन, वय, दिवसातले बसायचे तास, उभं राहायचे तास. मग कुठे सैल सोडायचं आणि कुठे आवळायचं ते फंक्शन सांगणार, त्याप्रमाणे मशीन फोमचा साचा कोरणार, आणि साच्यावर गरम प्लास्टिक ओढलं की सॉकेट तयार, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी. ताई गेली अठ्ठावीस वर्षं त्या गणितावर चालत होती. अक्षरशः.

आता जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता आणि नवीन मशीन आलं होतं. त्याच्याबरोबर त्याचं स्वतःचं तयार गणित होतं, हजारो पायांची सरासरी काढून केलेलं. सरासरी पाय असणाऱ्यांना ते छान बसत असेलही. ताईने त्या गणिताचं सॉकेट तीन दिवस घातलं आणि चौथ्या दिवशी कुबड्यांवर कामाला आली.

"साहेब, हे नको," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "मास्तरांचंच फंक्शन नव्या मशीनला जोडू."

"ते जुन्या फोरट्रान भाषेत आहे. हे सगळं पायथनमध्ये."

"मग काय झालं? एका भाषेतलं फंक्शन दुसरीतून बोलावता येतं."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना सगळं कालच हवं असायचं. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले. "नाही जमलं तर तयार गणित सुरू. ताई, माझी चारशे माणसं पायासाठी थांबलीत."

चारशे माणसं थांबलीत म्हणूनच तर ताईचा जीव टांगणीला लागला होता. त्या चारशेंचे पाय काय होतील, हे तिला आपल्या पायावरून कळत होतं.

फंक्शन नव्याने लिहून काढायचा प्रश्नच नव्हता. चौदाशे ओळी, आणि स्पष्टीकरण म्हणून मास्तरांनी लिहिलं काय, तर अधूनमधून नुसत्या तारखा. समोरच्याला तासन्‌तास समजावणारा माणूस कागदावर इतका मुका कसा, देव जाणे. तेव्हा फंक्शन आहे तसं ठेवायचं आणि बाहेरून हाक मारायची. काम तसं दोन शेजारणींमध्ये निरोप पोचवणारीचं. काय द्यायचं, कुठल्या क्रमाने, किती मोठं, परत काय घ्यायचं, हे चोख असलं की झालं.

पहिल्या दिवशी फंक्शनने जे आकडे परत दिले त्यावरून ताईच्या पायाचा घेर दीड किलोमीटर निघाला. दशांशाचा आकडा एका भाषेत मोठ्या जागेत साठवलेला, दुसरीत लहान, त्यामुळे वाचताना त्याचं भलतंच काही होत होतं. ती चूक तिने दुपारपर्यंत निस्तरली. मग खालून प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा आणला, त्याची मापं दिली, आणि मशीनने हुबेहूब पाइप कोरून दिला. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने साहेबांना ऐटीत कळवलं, की जमलं.

बुधवारी तिने स्वतःच्या पायाची मापं दिली. तासाभराने खालून प्लास्टरवाले काका साचा दोन हातांत धरून जिना चढून आले. त्यांचं हसू मिशीत मावत नव्हतं.

"ताई, हा पाय तुझा, की गोगलगायीचा?"

साचा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा होता, आणि भोवताली वळत वळत जाऊन एका बाजूला पायरीसारखा तुटला होता. व्यवस्थापकांनी तो पाहिला आणि तयार गणिताची फाइल मशीनवर चढवायला सांगून गेले. ताईला त्यांनी ओरडलेलं चाललं असतं.

मग तिने जे इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मास्तरांचं फंक्शन छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. काकांनी तिचा चहा दोनदा वर आणला, दोनदा थंडगार परत नेला.

चूक गुरुवारी सकाळी सापडली, आणि ताईने कपाळावर हात मारून घेतला. जुनी भाषा तक्ता उभा वाचते, नवी आडवा. छत्तीस गुणिले छत्तीसचा तक्ता, उभा वाचला काय आणि आडवा काय, संख्या तेवढीच, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही. उंचीचं माप घेराच्या जागी गेलं आणि पायाची गोगलगाय झाली. पाइप मात्र सगळीकडून सारखा, त्याला उभ्या-आडव्याचं काय? तो बिचारा पास झाला. दुरुस्ती एका शब्दाची होती.

पण ती दुरुस्ती करायची सोडून ताई एका तारखेकडे बघत बसली होती. फाइलमधली सगळ्यात जुनी तारीख. खाली ओळ होती: बसायचे तास सहापेक्षा जास्त असतील, तर मागच्या कडेला आतल्या बाजूने चार मिलिमीटर सैल सोड.

तो तिचा विसावा वाढदिवस होता. तेव्हा ती टायपिस्ट होती, आठ तास खुर्चीत. सॉकेटची मागची कड मांडीखालच्या शिरेत रुतून जखम झाली होती, आणि वाढदिवसाला काठी न घेता चालायचं ठरवलेली ती मुलगी लंगडत, रडत इथे आली होती.

शुक्रवारी नवं सॉकेट तिने घातलं. जिना उतरली, चढली, पुन्हा उतरली. व्यवस्थापक खाली उभे होते. "बरं," ते म्हणाले, आणि तयार गणित मशीनवरून काढायला लावलं. त्यांच्या तोंडून "बरं" म्हणजे पुष्कळ झालं.

रविवारी ताई मास्तरांकडे गेली. मास्तर लेकीकडे राहतात. कान गेलेत, बाकी ठणठणीत.

"मास्तर, तुमचे आभार मानायला आले," ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं चालतेय, कधी बोलले नाही. आज बोलते."

"माझे कसले आभार?" मास्तर म्हणाले. "फाइल वाचलीस ना? तुझी तारीख पहिली आहे. तू यायच्या आधी त्यात चाळीस ओळी होत्या."

"चाळीस?"

"चाळीस. आम्ही लोकांना विचारायचो, कसं वाटतंय? लोक म्हणायचे, छान आहे मास्तर. आणि घरी जाऊन पाय पलंगाखाली टाकून द्यायचे. आम्हाला वाटायचं, वा, काय गणित केलंय! मग तू आलीस. पाय काढलास आणि माझ्या टेबलावर आपटलास. म्हणालीस, तुम्हीच घाला हा." मास्तर हसता हसता खोकले. "त्या दिवसापासून मी 'कसं वाटतंय' विचारणं सोडलं. कुठे दुखतंय, तेवढंच विचारायचो. मग बोलायला लागले सगळे. एकेक तारीख म्हणजे एकेक माणूस आहे तो. माझं त्यात काय? मी लिहून घेतलं. आभार मीच मानायचे तुझे, राहून गेले होते."

ताईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मास्तरांच्या लेकीने विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही नाही गं, बरं वाटतंय."

सोमवारी नव्या मशीनचं पहिलं सॉकेट एका शिंपीणबाईंना घातलं. त्या दोन पावलं चालल्या, काकांकडे आणि ताईकडे बघून संकोचाने हसल्या. "छान आहे हो."

ताईने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. "छान राहू दे," ती म्हणाली. "कुठे दुखतंय ते सांगा."

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग ताईच्या पायाकडे, आणि हळूच आपल्या सॉकेटच्या कडेवर बोट ठेवलं. "इथे."