डोळे मिटून जेवणारा

मन ताळ्यावर यावं म्हणून मी ध्यानाच्या वर्गाला गेलो. तिथल्या गुरुजींनी हातावर एकेक बेदाणा ठेवला आणि डोळे मिटून, पूर्ण लक्ष देऊन चावायला लावला. द्राक्षबागांच्या सोलापूरच्या माणसाला बेदाणा खायला शिकवणारे धन्य, आणि फी भरून शिकणारा मी त्याहून धन्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी तसाच जेवायला बसलो. डोळे मिटून शेंगाचटणी चघळू लागलो. आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते आणि करणारी सगळ्यांत शेवटी जेवते. मे महिन्याच्या उकाड्यात बायको गॅसपाशी उभी होती.

"अहो, पुढची थापू का पीठ झाकून ठिवू?"

ध्यानात बोलायचं नसतं, म्हणून मी तिला हातानेच थांबवलं.

"थांबते की. मला काय, सवय हाय."

मी डोळे उघडले. तिचा चेहरा घामाने निथळत होता. माझ्याइतका निर्लज्ज शांत माणूस गावात दुसरा नसेल. तिला ताटावर बसवून मी भाकरी थापली. ती तव्यावर टाकतानाच फाटली.

तशीच भाजून मी ती तिच्या ताटात वाढली. बायकोने तिचा एक तुकडा चटणीला लावला.

"कच्ची हाय. पण वाढा अजून, लई भूक लागलीय."