कांद्याच्या गोण्यांतली पुस्तकं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची बलस्थानं आणि उणिवा मी एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढल्या होत्या. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. बलस्थानं अकरा, उणीव एक. अकराव्या बलस्थानापर्यंत पोचताना माझी इतकी दमछाक झाली होती की तिथे मी 'पूर्वेकडून भरपूर सूर्यप्रकाश येतो' असं लिहून मोकळी झाले. म्हणजे सूर्यसुद्धा मी माझ्याच कर्तबगारीत धरला. परवा नातीने तो कागद वाचला आणि म्हणाली, "आजी, तू खरंच अशी होतीस?"

अशीच होते. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली सगळी पुस्तकं माझ्या वडिलांनी छापली आहेत. नाशिकच्या त्या सरकारी कॉलेजात मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रंथपाल म्हणून लागले, आणि पहिल्याच आठवड्यात 'शांतता राखा' ही पाटी काढून 'संपूर्ण शांतता राखा' अशी नवी लावली.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. कॉलेजांची तपासणी करायला बाहेरगावचे प्राध्यापक समिती म्हणून यायचे, हे तेव्हा नव्यानेच सुरू झालं होतं. समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी प्रत्येक विभागाला एकेक कागद दिला. डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा. सगळ्या विभागांनी पहिली उणीव एकच लिहिली, जागेचा अभाव. त्या उणिवेचा दोष कुणाच्याच अंगावर येत नाही ना.

खऱ्या उणिवा शोधायला समितीची गरज नव्हती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळाला पाणी फक्त सकाळी यायचं, म्हणून तिथले सर कॉलेजात आल्या आल्या धुणं काढल्यासारखे बादल्या भरत बसायचे. वरच्या मजल्यावरचे पंखे फिरायचे कमी आणि बोलायचे जास्त. बाकांवर इतकी नावं कोरलेली की गावातली कुठली लग्नं कुठे जमली ते शोधायला दुसरीकडे जायला नको. पण मनमाडच्या रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा आणि सुरगाण्याकडे भात-नागली पिकवणाऱ्याची मुलगी त्याच बाकांवर शेजारी शेजारी बसायची. इंग्रजीचे सर तास संपला तरी व्हरांड्यात उभे राहून शिकवायचे, घंटा त्यांना ऐकूच यायची नाही. मराठीच्या मॅडम रोज डब्यात दोन पोळ्या जास्त आणायच्या आणि 'आज भूक नाही गं' म्हणून वसतिगृहातल्या कुठल्या तरी मुलीला द्यायच्या. हे कुठल्या रकान्यात बसतं ते कुणाला सुचलं नाही, म्हणून कुणी लिहिलं नाही.

माझी एकमेव उणीव मात्र मी ठळक लिहिली होती : 'विद्यार्थी पुस्तके हाताळून खराब करतात.' आणि पहिलं बलस्थान : 'सर्व ग्रंथ सुस्थितीत.' दोन्ही वाक्यं एकाच कागदावर आहेत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुस्तकं खराब करणाऱ्यांत पहिला नंबर सुरगाण्याकडच्या एका मुलीचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय अर्थशास्त्र. अंगाने एवढीशी, आणि बोलायची तर खालच्या मानेने. साडेचारला तास सुटला की धावत यायची, खिडकीजवळची ठरलेली खुर्ची धरायची आणि अर्थशास्त्राचं एक जाड पुस्तक मागायची. त्याची आमच्याकडे एकच प्रत होती, त्यामुळे ती घरी देता येत नव्हती. पाचला मी ग्रंथालय बंद करायचे. म्हणजे तिच्या वाट्याला रोज अर्धा तास. वसतिगृहात एका खोलीत आठ मुली, ट्यूबलाइट एक. सुट्टीत गावी गेली की आईवडिलांबरोबर द्राक्षबागेत कामाला. वाचायचं कधी? पहिल्या दोन वर्षांत तिचा अर्थशास्त्राचा एकेक पेपर राहिलेला होता. या वर्षी राहिला तर घरचे परत पाठवणार नाहीत, हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी पुस्तकाच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून रागावले तेव्हा.

तिने आणि वसतिगृहातल्या चौदा-पंधरा मुलींनी अर्ज दिला, ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. तो अर्ज मी प्राचार्यांकडे पोचवला. मुलींच्या कळवळ्याने पोचवला असं म्हटलं तर खोटं ठरेल. आठपर्यंतचं ग्रंथालय म्हणजे मोठं ग्रंथालय, आणि मोठ्या ग्रंथालयाची ग्रंथपाल म्हणजे कोण, हे मला दिसत होतं. सर म्हणाले, "समितीने शिफारस केली तर करतो. नाहीतर वर काय उत्तर देऊ?"

झालं. मी पदर खोचला.

सगळं कॉलेजच तेव्हा लग्नघर झालं होतं. नर्सरीतून चार दिवसांसाठी कुंड्या आणल्या होत्या. जिन्यावर एकेका पायरीला एकेक गुलाब. माळी सगळ्यांना बजावत होता की फूल तोडू नका, मोजून परत द्यायचेत. मी ठरवलं की माझ्या कपाटांतून एकही फाटकं पुस्तक दिसता कामा नये. फाटकी काढायला लागले तर कपाटंच्या कपाटं ओस पडायला लागली. कणा निखळलेली, पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेली, सगळी बाहेर. आमचे शिपाई मामा विंचूरचे. त्यांचा भाऊ लासलगावच्या बाजार समितीत हमाल होता. त्याच्याकडून त्यांनी रिकाम्या गोण्या आणल्या आणि आम्ही ती पुस्तकं त्यांत भरली. एकोणीस गोण्या झाल्या. त्या मागच्या अडगळीच्या खोलीत रचल्या. ग्रंथालयात पुढे तीन दिवस कांद्याचा वास येत होता, म्हणून मी उदबत्त्या लावल्या. त्यामुळे कुणीतरी गेल्यासारखं वाटायला लागलं.

रिकाम्या कपाटांत मग मी भेट आलेले, कधीच कुणी न मागितलेले, चकचकीत ग्रंथ लावले. तरी एक फळी उरली. तेव्हा माझी हुशारी अशी चालली की विचारू नका. घरी शोकेसमध्ये जगाच्या इतिहासाचे सहा खंड होते, सोनेरी अक्षरांचे. रिक्षात घालून आणले आणि दर्शनी फळीवर मांडले.

आदल्या दिवशी मी मुलींना सांगितलं की उद्या-परवा इकडे कुणी फिरकायचं नाही, खुर्च्या हलतात. ती सुरगाण्याची मुलगी तशीच उभी राहिली. तिचं पुस्तक गोणीत गेलं होतं आणि सोमवारी तिचा पेपर होता. "मॅडम, दोन तास तरी द्या," म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? तिचं कोसळत होतं. मला कुंड्या दिसत होत्या.

समितीत तिघं होते. दोघे पुरुष प्राचार्यांबरोबर पुढे गेले आणि ग्रंथालयात एकट्या बाई आल्या. साठीच्या, पिकले केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. मी माझा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, वाचला नाही. सरळ कपाटाशी गेल्या, एक पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं.

ग्रंथालयाचं पुस्तक मागून उघडायचं असतं, हे मला शिकवायची गरज नव्हती. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कुणी नेलं की तिच्यावर परतीची तारीख पडते. बाईंनी काढलेल्या पुस्तकाची चिठ्ठी कोरी होती. दुसऱ्याचीही कोरी. तिसऱ्याची पानंच एकमेकांना चिकटलेली. चौथं म्हणून त्यांनी सोनेरी अक्षरांचा खंड ओढला. त्याला मागे चिठ्ठीच नव्हती, तेव्हा त्यांनी तो पुढून उघडला आणि शांतपणे मोठ्याने वाचलं, "शुभविवाहप्रीत्यर्थ वधूवरांस सप्रेम भेट."

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी दिले होते ते खंड. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मी एकदाही उघडले नव्हते. उघडले असते तर ती ओळ तरी दिसली असती.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्राचार्यांनी त्यांच्याकडे दिलेला मुलींचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पुस्तकं छान ठेवलीत तुम्ही. पण इथे कुणी वाचतच नाही, मग आठपर्यंत उघडं कुणासाठी ठेवायचं?"

तेवढं एक वाक्य. माझ्या डोळ्यांपुढे खिडकीजवळची ती रिकामी खुर्ची आली. उद्यापासून ती रिकामीच राहणार, आणि ती मी रिकामी केली. अकरा बलस्थानांतलं एकही मला त्या वेळी आठवेना. मी ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि म्हटलं, "मॅडम, वाचलेली पुस्तकं मागे आहेत."

मामा मध्ये आले. "मॅडम, तिकडं नको. तिकडं लय धूळ हाय." मामांना धुळीची काळजी मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. मी कुलपाला हात लावला तर ते हातात आलं. नुसतं अडकवलेलं होतं.

आत, गवाक्षाखालच्या उजेडात, एका गोणीवर ती मुलगी बसली होती. मांडीवर ते अर्थशास्त्र. शेजारी चार गोण्या उसवून, तिला हवी ती पुस्तकं काढून, बाकीची पुन्हा नीट रचलेली. ती ताडकन उठली. बाईंकडे तिने पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, पान नाय फाटू दिलं एकबी."

मामा पाठीमागून म्हणाले, "मीच बसवली सकाळी सातला. तुम्ही दोन दिवस म्हणालात, पर पेपर काय तुमचं ऐकतो का?"

माझ्या हाताखालच्या माणसाने मला समितीसमोर असं ऐकवलं होतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. आधी आश्चर्य वाटलं ते त्याचंच.

बाई खाली वाकल्या. मुलीच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मागचं पान उघडलं. ते घरी जात नसे, पण वाचायला दिलं की त्यावर तारीख टाकायची शिस्त मीच लावली होती. चिठ्ठीवर चिठ्ठी, तिच्यावर आणखी चिठ्ठी, असा बोटभर जाडीचा थर झाला होता. गेल्या वर्षभरातल्या बहुतेक तारखा एकाच मुलीच्या. बाईंनी मग दुसऱ्या गोणीतून एक काढलं, तिसऱ्या गोणीतून एक. सगळीकडे तारखाच तारखा. मग त्या चक्क गोणीवर बसल्या आणि त्या मुलीला विचारायला लागल्या. गाव कुठलं, वाचतेस केव्हा, या धड्यातलं काय कळत नाही. मुलगी आधी एकेक शब्द बोलली. मग मागणी-पुरवठ्यावर आल्यावर जी सुटली ती लासलगावात कांद्याचा भाव दुपारनंतर का उतरतो इथपर्यंत पोचली. मामांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या. मी दारात किल्ली धरून उभी. माझ्या 'संपूर्ण शांतता राखा'च्या पाटीमागे इतकं बोलणं चाललं होतं.

जाताना बाईंनी माझा कागद पहिल्यांदा वाचला. पर्समधून पेन्सिल काढली आणि उजवीकडच्या उणिवेपासून डावीकडच्या रकान्यापर्यंत एक बाण काढला. 'विद्यार्थी पुस्तके हाताळून खराब करतात' हे वाक्य बाणासकट अजून त्या कागदावर आहे. आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेत त्यांनी लिहिलं, 'पाचला बंद होते.'

अहवालात शिफारस आली. ग्रंथालयाची वेळ वाढवावी. प्राचार्यांनी लगेच मंजूर केलं आणि मग म्हणाले की जास्तीचा माणूस मात्र मंजूर नाही. म्हणजे आठपर्यंत कोण थांबणार, तर मोठ्या ग्रंथालयाची मोठी ग्रंथपाल. पाच दहाची सिटी बस माझ्या आयुष्यातून गेली ती निवृत्तीपर्यंत. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, आता पोळ्या कोण करणार? मी म्हटलं, माणूस मंजूर नाही.

ती मुलगी त्या वर्षी पास झाली. चारच गुण वर होते, पण तिने ते मला असे सांगितले की चारशे असावेत. निकालाच्या दिवशी संध्याकाळी ती आली तेव्हा ग्रंथालय गच्च भरलेलं होतं, तिची खुर्चीही दुसरीने धरली होती. ती फळ्यांपुढून फिरली आणि जगाच्या इतिहासाचा पहिला खंड काढून माझ्यासमोर आणून ठेवला. ते खंड मी घरी नेलेच नव्हते. शोकेसमध्ये पुन्हा मांडायचं धैर्य नव्हतं, म्हणून ग्रंथालयाला देऊन टाकले होते.

मी डिंकाने नवी चिठ्ठी चिकटवली, शिक्का शाईत दाबला आणि पहिली तारीख टाकली. अठरा वर्षांत पहिली.

"चांगलं हाय का मॅडम हे?" तिने विचारलं.

एरवी मी चष्मा नाकावर चढवून दहा मिनिटं बोलले असते.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "तू वाचून सांग मला."