मोरेश्वरचे मुके काउबॉय

नागोयात मोटारींचे गिअर तपासून पोट भरणाऱ्या मोरेश्वर बेहेऱ्याला एकच व्यसन होतं, शंभर वर्षांपूर्वीचे मुके काउबॉयपट. तेही मोबाइलवरचे नव्हेत, खऱ्या फिल्मचे, पत्र्याच्या गोल डब्यांतले. क्योतोच्या जुन्या बाजारात असा डबा दिसला की हा शहाणा माणूस तिथेच उकिडवा बसे आणि झाकण उघडून आधी वास घेई. "आंबट वास आला की फिल्म कुजली," असं तो पाहुण्यांना समजावे. पाहुणे मग समोरचा ढोकळा हुंगून बघत. या सिनेमांत कुणी बडबडत नाही, हेच त्याला भारी आवडायचं.

त्याची बायको स्वप्ना मात्र डब्यांना विटली होती. शेवटी तिने कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून मोठ्या कचऱ्याचं स्टिकर आणलं. ते चिकटवून वस्तू बाहेर ठेवली की पालिकेची गाडी ती उचलून नेते.

"रविवारी मंडळी जेवायला येतायत," ती म्हणाली. "त्यांनी तुझा एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिला तर डब्यांचा पेटारा राहील. नाहीतर हे त्यावर चिकटवणार."



रविवारी जेवणं झाल्यावर दिवे मालवले, सिनेमाचं मशीन खडखडू लागलं आणि मोरेश्वर गारच पडला. आदल्या दिवशी चालवून पाहिलेलं रीळ परत न गुंडाळता तसंच मशीनवर होतं आणि गडबडीत त्याने खटका उलटा दाबला होता. सिनेमा शेवटाकडून सुरू झाला. दरोडेखोर उलट्या पावलांनी तुरुंगातून बाहेर आले, घोडे मागे मागे धावू लागले. ऑफिसातला देवदत्त हळूच बूट शोधायला उठला.

स्वप्नाला राहवलं नाही. "बस रे देवदत्त. चोर पैसे परत करायला निघालेत. बरीच वर्षं जपानात राहिलेले दिसतायत."

लोक खो खो हसले. देवदत्त बसला. मग स्वप्ना थांबेचना. गोळी खाऊन पडलेला शिपाई टुणकन उठला, तेव्हा ती म्हणाली, "सॉरी म्हणाले असतील त्याला." चोर तिजोरीत पिशव्या ठेवून पाठ न दाखवता बँकेबाहेर पडले, तेव्हा म्हणाली, "देवळातून निघावं तसे निघाले. काय वळण आहे पोरांना."

मोरेश्वरचा हात खटक्यावर होता. सिनेमाची ही विटंबना त्याला बघवत नव्हती. पण खटका फिरवला असता तर मंडळी उठली असती. त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला.

शेवटी टाळ्या पडल्या. पेटारा वाचला. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली.

"आज सुलटा दाखवू का?" मोरेश्वरने हळूच विचारलं.

"त्यात चोर पैसे परत करतात?"

"नाही."

"मग कशाला?"

मोरेश्वरने मुकाट्याने खटका उलटा केला.