पहिल्या शीटची हळद

रोह्याच्या एका केमिकल कंपनीतल्या साहेबांचा सकाळी फोन आला, तेव्हा मी पेण स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी होते.

"मॅडम, तुमची पट्टी खोटं बोलते," ते म्हणाले. "गळती नसताना वाजते. येऊन सगळ्या परत घेऊन जा."

वीस पट्ट्या होत्या. बाबांनी त्यांच्या लाकडी टेबलावर हाताने छापलेल्या. त्या परत आल्या तर पाठोपाठ टेबलही हलणार, हे मला माहीत होतं. पेणच्या बाजारात बाबांचं एका खोलीचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पापडाच्या पिशव्यांवरची नावं, असं काम. डिजिटल मशीन आल्यापासून ते आटत गेलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण त्या खोलीच्या कधीचा मागे होता. बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "रोह्याचं काय व्हतं ते बघू दे. नाय जमलं तर जागा तुझी."

रोह्याचं म्हणजे माझं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाबा सातवी, आई चौथी. आमचं मूळ गाव कासूच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. बाबा तरुणपणी पेणला येऊन छपाई शिकले. शाळेचा अभ्यास मी त्या खोलीतच केला, थिनरच्या वासात, सुकायला टांगलेल्या पत्रिकांच्या खाली. बी.एस्सी. झाले ती रसायनशास्त्र घेऊन. कॉलेजच्या सरांनी फी भरायच्या दिवशी कधी घाई केली नाही, आणि पास झाल्यावर प्रयोगशाळेतला एक जुना मीटर मला दिला. "तुला लागेल," एवढंच म्हणाले. सरांचे उपकार मी मोजत नाही. मोजून फिटणारे ते नाहीत.

पुढे मला रोह्याला, या साहेबांच्या नव्हे, दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सरांनीच एकदा आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना मुंबईला एका दिवसाच्या कार्यशाळेला नेलं. विषय होता छापील आणि लवचिक इलेक्ट्रॉनिक्स. वक्ते पडद्यावर एकेक नवल दाखवत होते. ताप सांगणारी चिकटपट्टी. दूध नासलं की रंग बदलणारं लेबल. चटईसारखी गुंडाळून नेता येईल अशी, उन्हावर वीज करणारी शीट. यापुढे सर्किटं वर्तमानपत्रासारखी छापली जातील, ते म्हणाले, आणि याचा बाजार कुठच्या कुठे जाईल. मग त्यांनी छपाई कशी होते त्याचं चित्र लावलं, आणि मी खुर्चीत सरळ बसले. चौकटीवर ताणलेली जाळी, वर शाई, आणि ती ओढायचा रबर. चौकट लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची होती. बाकी सगळं आमच्या दुकानातलं.

"हे आमच्या बाबांकडे आहे," मी शेजारच्या मुलीला म्हटलं.

"हो? काय छापतात?"

"पत्रिका."

ती खुदकन हसली. मी हात वर केला आणि विचारलं, लहान गावातल्या दुकानात हे होईल का? वक्ते चांगले होते, त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पण धूळ, दमट हवा, स्वच्छ खोल्या अशी यादी सांगून शेवटी म्हणाले, "तुमच्याकडे हे येईल, जरूर येईल. वापरायला."

वापरायला. घरी पोचेपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. पंखा आमच्याकडे वापरायला आला, टीव्ही आला, मोबाइल आला. प्रत्येक वस्तू कुठेतरी दुसरीकडे तयार होणार आणि आम्ही फक्त तिची बटणं दाबणार, हे कोणी ठरवलं?

काय छापायचं, ते मला रोह्यात रोज दिसत होतं. केमिकलच्या पाइपांना जोड असतात आणि जोड कधीतरी झिरपतात. माणसं काठीला चिंधी बांधून प्रत्येक जोडाखाली फिरवतात आणि चिंधी ओली झाली का बघतात. मी ठरवलं, जोडाला गुंडाळायची एक पट्टी करायची. पातळ पारदर्शक फिल्म, तिच्यावर चांदीच्या शाईच्या दोन बारीक रेषा, एकमेकींच्या अगदी जवळ. थेंब पडला की दोन्ही रेषा जोडल्या जाणार आणि बाहेरची घंटी वाजणार. यात माझा शोध काहीच नव्हता. फक्त ती पेणला छापायची होती.

चांदीच्या शाईचा डबा उघडून बाबांनी थोडी शाई बोटावर घेतली. "बाय, ही शाई नाय, लोणी हाय," ते म्हणाले. पहिल्या दिवशी रेषा तुटल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी जाळी बदलली, रबर उभा धरला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. नंतरच्या रेषा मी सरांच्या मीटरने तपासल्या. पट्टीमागून पट्टी, आकडे जवळजवळ तेच. पस्तीस वर्षं रबर ओढलेलं मनगट होतं ते. शाई पक्की करायला आम्ही शीट खिडक्यांच्या ग्रिलला पावडर कोटिंग करणाऱ्याच्या भट्टीत नेल्या. तो म्हणाला, "ताई, लोखंड भाजायची भट्टी हाय. तुम्ही त्यात प्लास्टिक भाजताय. जळलं तर मला बोलू नका." जळलं नाही.

बाबांची एक रीत आहे. कुठलंही नवं काम असो, पहिल्या शीटच्या चारही कोपऱ्यांना ओली हळद आणि कुंकू लावायचं आणि ती शीट गणपतीच्या फोटोखाली भिंतीला लावायची. ती गिऱ्हाइकाला जात नाही. आमच्या भिंतीवर कितीतरी लोकांची लग्नं अशी लागलेली आहेत. या वेळी बाबांनी हळद लावली, आणि मी म्हटलं, "बाबा, ही चांदी आहे. एकही शीट वाया घालवायची नाही." त्यांनी फडक्याने कोपरे पुसले आणि ती शीट बाकीच्यांत ठेवली.

फोन आला त्याच दिवशी साहेबांच्या लॅबमध्ये पोचले तेव्हा पट्ट्या टेबलावर मांडलेल्या होत्या.

"किती वाजल्या?" मी विचारलं.

"दोन. सकाळी हवा दमट झाली की वाजतात, दुपारी गप्प."

"मग वीसच्या वीस परत का?"

"दोन खोटं बोलल्या की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

बरोबरच होतं ते. मी त्या दोन पट्ट्या खिडकीपाशी नेल्या. दोन्ही पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना, रेषांच्या वर, फिकट पिवळा डाग होता. पुसलेला, पण पुरता न गेलेला. एका शीटवर दहा पट्ट्या शेजारी शेजारी छापल्या होत्या. या दोन कडेच्या. शीटचे चारही कोपरे यांच्याच वाट्याला आलेले.

"कॉस्टिक सोड्याचा एक थेंब मिळेल?"

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण ड्रॉपर दिला. थेंब टाकताच पिवळा डाग लालभडक झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

"हळद आहे," मी म्हटलं.

"हळद? जेवता जेवता छापलंत की काय?"

"नाही. पूजा केली होती."

साहेब खो खो हसले. पलीकडच्या टेबलावरच्याला हाक मारून म्हणाले, "अरे इकडे ये, पट्टीला हळद लागलीय. लग्न कधी ते विचार!" मग माझ्याकडे वळून जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे. पेणला गणपती करा, पापड लाटा. नाव आहे तुमचं त्यात."

माझे कान तापले. बाबांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. म्हातारे आहेत, जुन्या वळणाचे आहेत, पुन्हा होणार नाही, असं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"साहेब, चूक माझी," मी म्हटलं. "ती शीट द्यायची नसते. बाबा आजवर कोणाला देत नव्हते, मी द्यायला लावली. पण पट्टी खोटं बोललेली नाही. तिच्यावर नको ते होतं, ते सकाळी ओलं झालं, आणि ती वाजली. तुम्हाला हेच करणारी पट्टी हवी होती ना? आता उरलेल्या अठरांवर तुमच्या हाताने पाणी टाका."

त्यांनी दुसरा ड्रॉपर पाण्यात बुडवला. थेंब, घंटी. पुसलं, गप्प. थेंब, घंटी. दहाव्यानंतर ते हसायचे थांबले. अठरावी झाल्यावर त्यांनी हात पुसले.

"नव्या वीस आणा. पंपाच्या जोडांवर महिनाभर लावतो. चालल्या तर पुढच्या लाइनचं बोलू. पण ती पूजा-बिजा बंद."

"नाही साहेब."

"म्हणजे?"

"पूजा होणार. पहिली शीट तुमच्याकडे येणार नाही, हवं तर लिहून देते. छापायच्या खोलीत काय स्वच्छ हवं ते सांगा, ते सगळं करीन. पण ज्या हातांनी या अठरा छापल्या, त्यांची रीत मी मोडायला सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं."

"चांदी तुमचीच वाया जाईल."

"जाऊ दे."

साहेबांनी मान हलवली. पटलं म्हणून की हरले म्हणून, ते मला कळलं नाही. म्हणाले, "बुधवारपर्यंत आणा."

रविवारी आम्ही खोली धुऊन घेतली. आईने दारं-खिडक्यांना ओले पडदे लावले आणि म्हणाली, "बाळंतिणीची खोली केलीस गो." मी सगळं सांगितल्यावर बाबांनी एकच विचारलं, "पहिली शीट?"

"भिंतीला."

त्यांनी पहिली शीट ओढली, बाजूच्या टेबलावर नेऊन चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, गणपतीखाली चिकटवली. हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि मग दुसरीला हात घातला. त्या एका शीटवर दहा पट्ट्यांची चांदी आहे. अजूनही आहे.

तिसरी शीट ओढत असताना कव्हरवाला दारातला पडदा सारून आत आला. हातात मोजायची टेप. "काका, काय ठरलं मग? कपाट कुठं बसतंय ते बघून जातो." आणि त्याने टेपचं टोक टेबलाच्या कडेला लावलं.

बाबांनी वर बघितलंही नाही. रबर शेवटपर्यंत, एका दमात ओढला, चौकट उचलली, आणि मग म्हणाले, "टेप आवर. धूळ घेऊन आत येऊ नको. शाई ओली हाय."