माणिकराव पेटी निवडतात

शिरड शहापूरच्या माणिकरावांनी उभ्या जन्मात हळदीचं पोतं उचललं नाही. उचलणाऱ्याला कसं उचलायचं, ते मात्र बांधावर बसून न चुकता सांगितलं. त्यांचं काम निवडण्याचं. विहिरीवरची मोटार निवडता निवडता एकदा गहू वाळून गेला. मोटार उत्तम निघाली. लग्नासाठी त्यांनी इतक्या पोरी पाहिल्या, की पोरींचे बाप त्यांना पाहून दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागले. ज्याला वेळेवर गल्ली सापडली नाही, तो चतुराबाईचा बाप.

साठीनंतर माणिकरावांनी शाळेची जुनी व्हॅन घेतली. बाकडी काढून आत पलंग, ओटा, पडदे बसवून घेतले. ते तिला मोटरहोम म्हणत. गाव म्हणे, माणिकरावांचं बिऱ्हाड. पहिली फेरी कुठं काढायची, असं त्यांनी चारचौघांसमोर मोठ्या ऐटीत बायकोला विचारलं. ती उत्तर देईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

चतुराबाईचं माहेर धरणात गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एखाददुसऱ्या घराचं जोतं उघडं पडे. यंदा पाणी पार तळाला गेलं होतं आणि बापाच्या घराचं जोतं दिसून राहिलं, असं तिच्या भावानं कळवलं होतं. त्या जोत्यावर एक रात्र निजायचं, एवढंच तिनं मागितलं. मिरगानंतर पाणी चढणार. पुढच्या वर्षी जोतं दिसेलच असं नव्हतं, आणि तिचे गुडघेही पुढच्या वर्षाची हमी देत नव्हते.

माणिकराव हो म्हणाले. पण तिथं खांब नाही, लाइट नाही. तेव्हा आधी पॉवर स्टेशन, म्हणजे वीज भरून ठेवायची बॅटरीची पेटी पाहिजे, असंही म्हणाले.

मग निवड सुरू झाली. माणिकराव सकाळी बाजेवर पडून मोबाइलवर व्हिडिओ पाहत, दुपारी कुशीवर वळून पाहत. कुठला तरी गोरा माणूस बर्फात गाडी लावून पेटीवर कॉफी करी आणि माणिकराव इकडं घामाघूम होऊन मान डोलवत. बॅटरी दहा वर्षं टिकणारी घ्यावी की पंधरा, यात एक आठवडा गेला. आपण किती टिकणार, हा विचार त्यांना शिवला नाही.

त्यांचा चुलतभाऊ वैजनाथ जळालेल्या मोटारी दुरुस्त करी. त्याचं म्हणणं, आधी चालवायचं काय ते ठरवा. दिवा, पंखा आणि मोबाइल एवढंच असेल तर जेवणाच्या डब्याएवढी पेटी रातभर पुरते, हातात धरून नेता येते. डब्याएवढी पेटी घेऊन गावात तोंड कसं दाखवायचं, हे माणिकरावांना कळेना. त्यांनी कूलर, टीव्ही, मिक्सर आणि विजेची शेगडी वाढवली. बायकोलाही विचारलं, तुला काय पायजे.

"अंधार," चतुराबाई म्हणाली. "तितं अंधारच असायचा."

बाईला यातलं काही कळत नाही, असं त्यांनी वैजनाथला सांगितलं. एव्हाना संध्याकाळी आभाळ भरून येऊ लागलं होतं. चतुराबाई भाकरी थापता थापता उठून दारात येई आणि आभाळ पाहून परत चुलीशी बसे.

अखेर पेटी आली. दुकानात होती त्यातली सगळ्यांत मोठी. तिला दोन मुठी होत्या, दोन्ही दुसऱ्यांसाठी. गाडीत चढवताना एक वैजनाथनं धरली, एक चतुराबाईनं.

"बराबर धरा," माणिकराव म्हणाले. "वाकडी करू नका."

"दादा, जरा हात लावता का?" वैजनाथनं धापा टाकत विचारलं.

"मी सांगून राहिलो ना."

पेटीवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, अशी ताकीद देऊन ते बायकोला घेऊन निघाले. गाडी मात्र ते स्वतः चालवत. ते बसून करायचं काम होतं.

धरणाकडं उतरणाऱ्या गाडरस्त्याच्या तोंडाशी शेवटचा खांब होता. माणिकरावांनी गाडी बराबर त्याच्याखाली लावली आणि सीटखालून बांबू नि वायर काढली. वायरीच्या टोकाला आकडा होता. सगळ्या सामानात तेवढंच त्यांनी स्वतः भरलं होतं. आकडा पहिल्या झटक्यात तारेवर बसला. कूलर सुरू झाला, टीव्ही बोलू लागला.

"अवो, मग पेटी काहून आणली?" चतुराबाईनं विचारलं.

"अडचणीला असावी. उगं कशाला खाली करायची?"

"अडचण कंची?"

"लाइट नसली तर."

"खाली जोत्यापाशी लाइट न्हाईच की."

"म्हणून तर खाली जायचं न्हाई."

खालच्या उघड्या गाळात दगडांची एक चौकट दिसत होती. ऊन कलंडलं होतं. चतुराबाईनं वाकळ काखेत मारली, भाकरी फडक्यात बांधली, पाण्याची बाटली घेतली.

"मी चालले. येता का?"

माणिकरावांनी रस्त्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. सोडून जावं तर चोराची भीती. त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक मूठ धरली आणि ओढली. पेटी जागची हलली नाही.

"दुसरी बाजू धर गं."

"बराबर धरा," चतुराबाई म्हणाली. "वाकडी करू नका."

आणि ती उतरणीला लागली. गुडघे दुखत होते. तिनं पावलं आखूड टाकली, पण थांबली नाही. जोतं दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होतं. तिनं हातानं वाळला गाळ झाडला, वाकळ अंथरली. वर खांबाखाली बिऱ्हाड लग्नाच्या मांडवासारखं उजळलं होतं. दारात माणिकराव भरल्या पेटीवर बसून राखण करत होते. चतुराबाईनं त्या उजेडाकडं पाठ केली आणि भाकरी सोडली.